दिवे लावणारा सांगकाम्या

‘काय दिवे लावलेत?’ हा प्रश्न मराठी घरात परीक्षेचा निकाल लागला की हमखास कानी पडतो, आणि त्यात कौतुकाचा अंश किती असतो हे सांगायला मराठीचा प्राध्यापक लागत नाही. परंतु दिवे लावणे हेच ज्याचे जीवितकार्य आहे, असा एक प्राणी खरोखरच अस्तित्वात आहे. त्याचे नाव लाइटबॉट. डॅनी यारोस्लाव्स्की यांनी २००८ साली तयार केलेल्या संगणकाच्या एका खेळातला हा यंत्रमानव. माझ्या भाचीने त्याची ओळख करून दिली, आणि अलंकार शिकवण्यात निम्मे आयुष्य घालवलेला मी त्याच्या नादी लागलो.

खेळ असा. पडद्यावर कमीअधिक उंचीच्या फरशा मांडलेल्या असतात. त्यांतल्या काही निळ्या. प्रत्येक निळ्या फरशीवर जाऊन या गड्याने दिवा लावायचा. मात्र त्याला बोटाने हलवण्याची सोय नाही. सगळ्या आज्ञा आधीच क्रमाने चौकटींत मांडायच्या, मग त्याला ‘चल’ म्हणायचे आणि हाताची घडी घालून काय होते ते पाहायचे. मूळ आज्ञा पाच : पुढे जा, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, उडी मार, दिवा लाव. समोर पायरी असली आणि तुम्ही ‘उडी मार’ऐवजी ‘पुढे जा’ म्हणालात, तर तो पायरी चढत नाही. जागच्या जागी राहतो आणि पुढची आज्ञा पाळू लागतो. त्याला राग नाही, शंका नाही, आणि ‘मला वाटलं तुम्हांला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य तर त्याच्या शब्दकोशातच नाही.

अशा गड्याला मराठीत सांगकाम्या म्हणतात. शब्दात तुच्छता आहे. पण ‘रोबॉट’ या शब्दाचे कूळ पाहिले तर तुच्छतेपेक्षा दुःखच अधिक दिसते. चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर गेला. सुचवला होता त्यांचे बंधू योसेफ यांनी. त्याच्या मुळाशी ‘रोबोटा’ हा शब्द आहे, म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम. आपल्याकडे त्याला तंतोतंत प्रतिशब्द आहे : वेठ. काय करायचे ते एकाने ठरवायचे आणि राबायचे दुसऱ्याने, ही विभागणी त्या शब्दातच आहे.

गंमत अशी, की या खेळात परीक्षा होते ती राबणाऱ्याची नव्हे, सांगणाऱ्याची. साहित्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. आम्ही प्राध्यापक मंडळी अभिधेला पाच मिनिटांत निरोप देतो आणि उरलेले वर्ष व्यंजनेच्या सहवासात सुखाने काढतो. लाइटबॉटला फक्त अभिधा कळते. हे ध्यानात घेऊन मी एकदा वर्गाला एक गद्य काम दिले : कॉलेजच्या फाटकापासून या वर्गापर्यंत कसे यावे, ते गावात नवख्या असलेल्या माणसासाठी लिहा. एका हुशार मुलाने लिहिले, ‘नेहमीच्या वाटेने या.’ वर्ग हसला. पण त्या वाक्यात त्या मुलाचा अपराध एवढाच होता, की आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यालाही ठाऊक असणार, असे त्याने धरून चालले होते. आपण सगळेच तसे धरून चालतो. माणसे एकमेकांना सांभाळून घेतात म्हणून निभावते. यंत्राला ‘नेहमी’ नसते.

खेळाची खरी मौज मात्र पुढेच आहे. मुख्य आज्ञापटावर चौकटी अवघ्या बारा. समजा, एका चौकोनी अंगणाच्या चारही कोपऱ्यांत दिवे लावायचे आहेत आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत तीन पावले आहेत. पुढे, पुढे, पुढे, दिवा, उजवीकडे : एका बाजूला पाच आज्ञा. चार बाजूंच्या वीस. बारा घरांत वीस पाहुणे बसायचे कसे? त्यासाठी शेजारी आठ-आठ चौकटींचे दोन छोटे पट दिलेले असतात. त्या पाच आज्ञा छोट्या पटावर एकदाच मांडायच्या आणि मुख्य पटावर त्या पटाची खूण चार वेळा ठेवायची. नऊ चौकटींत काम फत्ते! छोट्या पटाच्या अखेरीस त्याचीच खूण ठेवली, तर तो पुनःपुन्हा स्वतःलाच बोलावतो आणि आपला गडी फेऱ्या घालीत राहतो.

आता त्या पाचव्या आज्ञेकडे नीट पाहा. दिवा तर लागला. मग ‘उजवीकडे’ कशाला? पहिल्या फेरीपुरती तिची गरजच नाही. पण ती गाळली, तर दुसऱ्या फेरीला गडी वळणारच नाही. फेरी जिथे संपते, तिथून तीच फेरी पुन्हा सुरू होता आली पाहिजे, हे या विद्येचे मर्म. आरती किंवा पद रचणाऱ्याला हे नवे नाही. प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ अर्थाने आणि यमकाने अशी वळवून आणावी लागते, की ध्रुवपद त्यापुढे सहज म्हणता यावे. ते वळण ज्याला साधत नाही, त्याचे ध्रुवपद ठिगळासारखे दिसते. दिवाळीत दारापुढे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकाही एकच वळण चारी बाजूंनी फिरवतात. घोकंपट्टीत पुनरावृत्ती असते ती न समजता. इथे काय पुन्हा येते आहे हे ओळखल्याखेरीज एक पाऊल पडत नाही.

या खेळाचे पूर्वज प्रतिष्ठित आहेत. अमेरिकेत १९६७ साली वॉली फॉयर्झाइग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकाची भाषा तयार केली. तिच्या आज्ञा ऐकून पुढे एक यांत्रिक कासव जमिनीवर रेघा काढू लागले. १९८१ साली रिचर्ड पॅटिस यांनी विद्यार्थ्यांसाठी एक यंत्रमानव कल्पिला आणि चापेक यांच्या स्मरणार्थ त्याला ‘कारेल’ हे नाव दिले. या कारेलला उजवीकडे वळता येत नाही! डावीकडे तीनदा वळ, म्हणजे झाले उजवीकडे, हे विद्यार्थ्याने त्याला शिकवायचे. पॅपर्ट यांनी १९८०च्या आपल्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात एक विचार आग्रहाने मांडला आहे : आज्ञावली चुकली की ‘बरोबर की चूक’ असा निकाल द्यायचा नसतो, ती दुरुस्त कशी होईल हे पाहायचे असते. आमच्या उत्तरपत्रिकेत तांबड्या फुलीपाशी सगळे संपते. या खेळात तिथून सुरुवात होते. भाचीचा गडी भिंतीशी अडला, की ती रडत नाही; बोटाने एकेक चौकट मोजीत मागे जाते आणि म्हणते, ‘मामा, हा तिसऱ्या फेरीला बिघडतो.’ बिघाडाचा पत्ता इतका नेमका सांगणारे विद्यार्थी मला पदवीच्या वर्गातही क्वचित भेटतात.

वाचक म्हणतील, खेळच तो, त्याचे एवढे काय? पण माझ्या वर्गात अशी मुले येतात, ज्यांच्या घरी कैक पिढ्यांनी केवळ ऐकून घेतले; सांगायची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. तलाठ्याकडचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, डॉक्टरपुढे ‘इथं कसंसंच होतंय’ एवढेच म्हणायचे, आणि समोरच्याने हवा तो अर्थ काढला तरी मान हलवायची. आम्हीही त्यांना शाळेपासून ‘सांगितले तेवढे कर’ म्हणून सांगकाम्येच घडवतो. ते काम आता यंत्रे न थकता करतात. अशा घरातले मूल पाच आज्ञांच्या बळावर जेव्हा ठरवते की काय, कोणत्या क्रमाने आणि किती वेळा व्हायचे, तेव्हा ते वेठीच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहते. तिथे उभे राहण्यासाठी पैसा लागतो, संधी लागते हे खरेच. पण आपल्याला काय म्हणायचे आहे ते नेमके म्हणता येणे, हेही लागते. आणि ते शिकवणे तर आम्हा भाषेच्या मास्तरांचेच काम आहे.