‘सॉरी’ म्हणजे नुसती माफी नव्हे

दिवाळीत पुतणी आमच्याकडे, यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याला आली होती. पुण्याच्या ऑफिसात तिच्या शेजारी बसणारी मैत्रीण चेन्नईची. दोघींचं शनिवारी बाहेर जेवायचं ठरलेलं, आणि गुरुवारी त्या मुलीची आजी गेली. तिला मराठी येत नाही, हिला तमिळ. म्हणजे निरोप इंग्रजीत. इंग्रजी म्हटल्यावर मी सरसावलो. “लिही, आय बेग टू इन्फॉर्म यू दॅट ड्यू टू द सॅड डिमाइज ऑफ युअर ग्रँडमदर…”

“काका, हे काय सांगून राहिले तुम्ही? सुट्टीचा अर्ज आहे का हा?”

माझ्या पिढीने इंग्रजी पत्र पहिल्यांदा लिहिलं ते वर्गशिक्षकांना, तापाचं कारण सांगून. तेव्हापासून जड इंग्रजी म्हणजे सभ्य इंग्रजी, हे डोक्यात बसलं ते बसलंच. मैत्रिणीला मात्र असा मजकूर तहसीलच्या नोटिशीसारखा लागतो. पुतणीने लिहिलं ते एवढंच: ‘सो सॉरी अबाउट युअर पाट्टी. फर्गेट सॅटर्डे. नो नीड टू रिप्लाय.’ पाट्टी म्हणजे तमिळमध्ये आजी. मैत्रीण तिला ज्या नावाने हाक मारायची, ते हिच्या लक्षात होतं.

“पण सॉरी कायले? तू काय केलं?” माझ्या आईने विचारलं.

सगळ्यात मोठा गैरसमज हाच. मराठीत ‘सॉरी’ आला तो धक्का लागल्यावर म्हणायचा शब्द म्हणून. इंग्रजीत तो निघाला वेदना या अर्थाच्या जुन्या शब्दापासून. घसा धरल्यावर डॉक्टर ‘सोअर थ्रोट’ म्हणतात, त्यातला ‘सोअर’ त्याच घरातला. गंमत अशी की दुःख या अर्थाचा ‘सॉरो’ दिसायला जुळा भाऊ, पण मूळ वेगळं. तेव्हा ‘सॉरी’मागे आपली चूक असेल तर ती माफी, आणि दुसऱ्याचं दुःख असेल तर ‘फार वाईट वाटलं गं’. दोन्ही एकाच निरोपात आले की घोटाळा होतो. ‘सॉरी अबाउट युअर फादर, सॉरी कान्ट कम’ असं लिहिलं तर वडील आणि जेवण एकाच तराजूत पडतात. दुःखासाठी ‘सॉरी’ राखून ठेवावं. बेत मोडायला ‘कान्ट मेक इट’ पुरतं.

आखूड निरोप कोरडा असतो, हेही खरं नाही. तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, म्हणून तिथे सांत्वनसुद्धा दोन-चार शब्दांत उरकायचं. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तर नंबरच होते: तारेवरून नंबर जायचा, पलीकडे वाक्य उमटायचं. जुलै २०१३ मध्ये आपल्याकडची तार बंद झाली. तरी तीन शब्दांची तार वर्षानुवर्षं ट्रंकेत जपलेली घरं मी पाहिली आहेत.

आखूड निराळं आणि तोडकं निराळं. ‘यू’ऐवजी एकच अक्षर लिहायची सवय बटणांच्या फोनची आणि एसएमएसच्या १६० अक्षरांच्या मर्यादेची, देवनागरीत तर एका एसएमएसमध्ये जेमतेम ७० मावत. व्हॉट्सअॅपवर ती अडचण राहिली नाही, मग मयताच्या निरोपात तरी शब्द पुरे लिहावेत. नाहीतर आपला डेव्हिड कॅमेरून होतो. ते निरोपाखाली एल-ओ-एल लिहीत, ‘लॉट्स ऑफ लव्ह’ समजून; त्याचा अर्थ ‘खो खो हसतोय’ असा होतो, हे ब्रिटनच्या या तेव्हाच्या पंतप्रधानांना दुसऱ्याने सांगावं लागलं. २०१२ मध्ये वृत्तपत्रांच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या आयोगासमोर माजी संपादक रिबेका ब्रुक्स यांच्या साक्षीत ही गोष्ट बाहेर आली.

निरोपाच्या शेवटच्या पूर्णविरामानेही सूर बदलतो, हे आधी मलाही पटत नव्हतं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाने २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की मोबाइलवरच्या एका शब्दाच्या उत्तरापुढे टिंब दिलं की ते कमी मनापासूनचं वाटतं. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असा फरक पडला नाही. म्हणजे ‘ओके’पुढचं टिंब म्हणजे दार आपटणं.

टिंबासारखे शब्दही पारखून घ्यावेत. ‘आउट ऑफ स्टेशन’ हे आपल्याकडचंच, साहेबी अमलातलं; लंडनच्या माणसाला त्यात रेल्वे दिसेल. (‘शकुंतला’ ही आमची छोटी रेल्वे थांबल्यापासून यवतमाळकर सगळेच आउट ऑफ स्टेशन.) ‘एक्स्पायर्ड’ औषधाच्या बाटलीला आणि लायसन्सला, माणसासाठी ‘पास्ड अवे’ किंवा सरळ ‘डाइड’.

बेत मोडताना लांबलचक कारण द्यावं, असंही आपल्याला वाटतं. मित्राला एक ओळ बास, पण खरी हवी. कारणात पाणी घातलेलं लपत नाही. आणि दिलेलं निमंत्रण मागे घेणं किती महाग पडतं, हे यवतमाळकरांना वेगळं सांगायला नको. जानेवारी २०१९ मध्ये इथल्या ९२व्या साहित्य संमेलनाला लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाला बोलावून ऐन तोंडावर ‘येऊ नका’ सांगितलं. त्यावर इतके लेखक रुसले की संमेलनभर चर्चा न आलेल्या पाहुणीचीच.

मैत्रिणीचं उत्तर रविवारी रात्री आलं: ‘थँक्स या, कॉल यू टुमॉरो’. मी आधी शेवटी टिंब आहे का ते पाहिलं. नव्हतं.