आनंदाची परीक्षा आणि तिचे शुल्क

निकालांचा हंगाम आला, की ‘ज्यात आनंद वाटेल तोच व्यवसाय निवडा’ असा उपदेश विद्यार्थ्यांना सर्रास केला जातो. उपदेश चुकीचा नाही, अपुरा आहे. काम जितके सुखावह तितके त्याचे वेतन कमी, असे ॲडम स्मिथने १७७६ सालीच नोंदवून ठेवले. (गटारात उतरणाऱ्याला आपल्या जातिव्यवस्थेने घाणीचा मोबदलाही मिळू दिला नाही, हा भाग वेगळा!)

या संदर्भात डॉ. श्रीराम लागूंचा दाखला हमखास दिला जातो. कान-नाक-घशाची शल्यचिकित्सा सोडून १९६९ साली ते पूर्ण वेळ नट झाले. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले. मात्र त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती, आणि महाविद्यालयीन वयापासून ते हौशी रंगभूमीवर वावरत होते, हे सांगायचे राहून जाते. आपला आनंद त्यांनी व्यवसाय सांभाळून वर्षानुवर्षे पारखला होता.

“सर, मला काय आवडते हे अठराव्या वर्षी कसे कळावे?” असे माझ्या वर्गातील एका कारकुनाच्या मुलीने मागे विचारले. मी निरुत्तर झालो. तिने अजून कोणतेच काम करून पाहिले नव्हते, आणि एक वर्ष प्रयोगात घालवणे तिच्या घराला परवडणारे नव्हते. शिक्षणाला प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाची जोड देण्याची भाषा २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आहे. सुट्टीत छापखान्यात, दवाखान्यात वा हिशेबनिसाच्या कचेरीत महिनाभर विद्यावेतनासह काम मिळाले, तर आपल्याला काय आवडत नाही, एवढे तरी तिला स्वस्तात कळेल.