भातखाचरे, पूररेषा आणि बिगरशेती: उल्हास खोऱ्यातील गावांचे हवामान-नियोजन

उल्हास नदी लोणावळ्याजवळ उगम पावते आणि कर्जत, बदलापूरवरून कल्याणला येते. वाटेत बारवी, काळू आणि भातसा या नद्या मुरबाड-शहापूर तालुक्यांतले पाणी तिच्यात आणून सोडतात. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते. पुढे साष्टी बेटाच्या ईशान्य टोकाला नदीचे दोन फाटे होतात, एक ठाणे खाडीकडे आणि दुसरा वसईकडे. या खोऱ्यातल्या शेतकरी गावांपुढे सध्या दोन बदल एकाच वेळी उभे आहेत. पावसाची रीत बदलते आहे आणि तो पाऊस झेलणारी जमीनही शेतीतून निघून घरे, गोदामे व रस्त्यांखाली जाते आहे. कृषी विभाग पहिल्या बदलाकडे बघतो, नगररचना विभाग दुसऱ्याकडे. गावाला मात्र दोन्हींना एकाच जमिनीवर तोंड द्यावे लागते.

खोऱ्यातील जमिनीचे उतारानुसार ढोबळ तीन थर पडतात. वर डोंगरउतारावर जंगल आणि वरकस जमीन असते. तिच्यावर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व कुणबी कुटुंबे नाचणी-वरी घेतात. मधल्या सपाटीवर बांध घातलेली भातखाचरे असतात, आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर त्यांत वाल, हरभरा होतो. मुरबाड-शहापूरकडे पाण्याची सोय असेल तिथे उन्हाळी भेंडी निर्यातीसाठीही पिकवली जाते. सर्वांत खाली खाडीकाठी खारजमीन असते. भरतीचे पाणी अडवणारे बांध आणि ओहोटीला शेतातले पाणी बाहेर सोडणारी उघाडी यांच्या जोरावर आगरी-कोळी गावांनी ती पिढ्यान्‌पिढ्या लागवडीखाली ठेवली. या बांधांच्या देखभालीसाठी राज्यात १९४८ चा आणि नंतर १९७९ चा खारभूमीविषयक कायदा झाला.

भाताचे वेळापत्रक पावसाशी घट्ट बांधलेले आहे. रोहिणी-मृगात रोपवाटिका, जुलैत लावणी, ऑक्टोबरच्या सुरुवातीला हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या वाणांची कापणी आणि त्यानंतर मध्यम मुदतीच्या निमगरव्यांची व उशिराच्या गरव्यांची. हंगामात एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो कधी आणि कसा पडला यावर पीक ठरते. भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कॉल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या विस्तृत पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत बाष्प जास्त असते. ते थोड्या दिवसांत कोसळते आणि मध्ये कोरडे खंड पडतात. लावणीच्या तोंडावर खंड पडला तर रोपांचे वय वाढून ती पिवळी पडतात. पीक निसवताना मुसळधार झाली तर फुलोरा धुतला जातो. २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस ‘क्यार’ चक्रीवादळाच्या काळात पाऊस लांबला, तेव्हा ठाणे-पालघरमध्ये कापून शेतात पडलेले भात भिजून गेले.

अतिवृष्टीत भातखाचर आणखी एक काम करते, पण त्याची नोंद पिकाच्या हिशेबात होत नाही. एक एकर खाचरात बांधाच्या आत १० सेंटिमीटर पाणी साचले तर ते सुमारे ४ लाख लिटर होते. हे पाणी काही तास ते काही दिवस अडते, थोडे मुरते आणि उरलेले सावकाश ओढ्याला लागते. त्याच एकरावर भराव टाकून काँक्रीट केले की तेवढे पाणी लगेच नाल्यात उतरते, आणि भरावामुळे शेजारच्या सखल खाचरात तुंबते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कल्याण-बदलापूरचा नदीकाठही पाण्याखाली गेला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना सोडवावे लागले. कल्याणजवळ डोंगराचे पाणी आणि समुद्राची भरती समोरासमोर येतात. त्यामुळे खोऱ्याच्या वरच्या भागात पाणी किती वेळ थांबते यावर खालच्या शहराचा पूर बराचसा अवलंबून असतो.

जमिनीच्या वापराचा निर्णय मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ आणि त्याच वर्षीची जमीन महसूल संहिता या दोन कायद्यांखाली होतो. मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना १९७३ मध्ये, दुसरी १९९९ मध्ये आणि तिसरी २०२१ मध्ये मंजूर झाली. ही योजना जमिनीचे शहरीकरणयोग्य, औद्योगिक, हरित असे पट्टे पाडते. एखाद्या गावाचे शिवार शहरीकरणयोग्य पट्ट्यात आले की त्याचा भाव आणि भवितव्य दोन्ही बदलतात. महसूल संहितेतील अलीकडच्या दुरुस्त्यांनी, योजनेत बिगरशेती वापर दाखवलेल्या जमिनीसाठी आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीसाठी बिगरशेतीची प्रक्रिया सोपी केली. म्हणजे नकाशावरचा रंग ठरतानाच खरा निर्णय होऊन जातो. त्या वेळी हरकत घेतली नाही, तर नंतर ग्रामसभेच्या हाती फारसे काही उरत नाही.

डोंबिवलीलगतच्या २७ गावांत हा गुंता स्पष्ट दिसतो. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे तिच्या हद्दीत होती. २००२ मध्ये ती वगळली गेली आणि १ जून २०१५ पासून पुन्हा आत आली. त्यांपैकी १८ गावे वेगळी काढण्याचा २०२० चा सरकारी निर्णय उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. मधल्या काळात तिथले नियोजन प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे होते, आणि निळजे, घारीवली, उसरघर, संदप या बाजूला ‘कल्याण ग्रोथ सेंटर’ आखले गेले. हद्द बदलत राहिली तरी बांधकाम थांबले नाही. भिवंडीत शिवारांची जागा गोदामांनी घेतली. २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यात आमणे इथे संपतो, आणि त्याने गोदामांचा ओढा शहापूरकडेही नेला.

जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येत नाही. तुकडे लहान झालेत, मजूर मिळत नाहीत, आणि एका एकराच्या भातातून येणारे उत्पन्न त्या एकराच्या बाजारभावापुढे नगण्य असते. विकलेली जमीन पुष्कळदा काही वर्षे पडीक राहते किंवा जुनाच शेतकरी ती तोंडी बोलीवर कसतो. सातबाऱ्यावर त्याचे नाव नसल्याने अतिवृष्टीचे पंचनामे झाले तरी भरपाई त्याच्या हाती येणे अवघड जाते. त्यामुळे कोण प्रत्यक्ष कसतो याची नोंद ठेवणे हा हवामान-नियोजनाचाच भाग ठरतो.

खोऱ्याच्या वरच्या अंगाला प्रश्न उलटा आहे. शहापूर तालुक्यात १८९२ चे तानसा आणि पुढे बांधलेले भातसा ही धरणे आहेत. मुंबईच्या पाण्याचा जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे, आणि तरी याच तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतात. मुरबाडमध्ये काळू धरणाचे काम वनविषयक परवानगीच्या मुद्द्यावर २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने थांबवले. शहापूर पूर्णपणे आणि मुरबाड अंशतः अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळालेली गावे जंगलाच्या व्यवस्थापनाचा आराखडा स्वतः करू शकतात. पाणलोटाचा माथा राखण्याची ही सर्वांत भक्कम कायदेशीर वाट आहे.

गावपातळीवरच्या नियोजनाची सुरुवात पाण्याच्या नकाशाने व्हावी लागते. ओढे, नाले, झरे, सखल खाचरे, खारबांध आणि उघाड्या कुठे आहेत, २००५ आणि २०१९ मध्ये पाणी कुठवर चढले, हे गावकऱ्यांना ठाऊक असते, पण कागदावर क्वचितच असते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील ड्रोन मोजणी गावठाणापुरती आहे. शिवारातल्या पाण्याच्या वाटा तिच्यात येत नाहीत. जलसंपदा विभाग नद्यांच्या दोन पूररेषा आखतो. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, तर लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते आणि दोन रेषांमध्ये अटींवर परवानगी मिळते. या रेषा जुन्या पावसाच्या आकडेवारीवर उभ्या असल्याने पाऊस बदलला की त्याही नव्याने आखाव्या लागतात. दोन रेषांमधला पट्टा भात, भाजीपाला आणि कुरणासाठी राखणे हा त्याचा सर्वांत सुरक्षित वापर आहे.

पीकपद्धतीत बदलाला पुष्कळ वाव आहे. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने भाताचे वेगवेगळ्या मुदतीचे वाण दिले आहेत, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ मालिकेतील क्षार सोसणारे. गावात हळवे आणि निमगरवे दोन्ही लावले तर एकाच मुसळधारीत सारे पीक सापडत नाही. रोपवाटिकेसाठी राब भाजताना झाडांच्या फांद्या तोडल्या जातात. गादीवाफ्यावर रोपे केल्यास ती तोड वाचते. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘सगुणा राईस तंत्रा’त कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकतात. चिखलणी व लावणी टळते, आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहतात, मजुरी वाचते आणि पाणी कमी साचल्याने मिथेन वायूही कमी निघतो. मात्र खाचराचे बाहेरचे बांध शाबूत ठेवले तरच मुसळधारीत पाणी अडवण्याचे त्याचे काम टिकते.

या सगळ्याला आज एकच चौकट नाही. हवामान-अनुकूल शेतीसाठी जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातली अवर्षणग्रस्त व खारपाणपट्ट्यातली गावे होती. अतिवृष्टीची कोकणपट्टी त्यात नव्हती. २०२० पासूनचे ‘माझी वसुंधरा’ अभियान ग्रामपंचायतींना पर्यावरणाच्या कामावर गुण देते, पण जमिनीचा वापर ठरवत नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ उपक्रमातला ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा ही मुख्यतः कामांची आणि खर्चाची यादी असते. शिवाराचा नकाशा प्रादेशिक योजनेत असतो, पण ती गावाबाहेर तयार होते. पाण्याचा नकाशा, पूररेषा, राखून ठेवायची खाचरे आणि खारबांध यांचा ठराव ग्रामसभेने करावा, आणि प्रादेशिक किंवा विकास योजनेच्या सुधारणेत तो हरकती-सूचनांच्या मुदतीत दाखल करावा, एवढी वाट आजच्या कायद्यातही खुली आहे. पाणी अडवणारी जमीन राखणाऱ्या शेतकऱ्याला त्या सेवेचा मोबदला देण्याची तरतूद मात्र अजून व्हायची आहे. तो मिळेपर्यंत पूर अडवण्याचा खर्च खाचराचा मालक एकटाच सोसतो आणि फायदा नदीच्या खालच्या अंगाची शहरे घेतात.