विश्लेषण : फ्रीलान्स डिझायनरचा दिवस खुर्चीतच का सरतो?

सकाळी लोगो, दुपारी मिठाईच्या खोक्याचे पॅकेजिंग, संध्याकाळी वेबसाइटची पाने आणि मध्येच कुणाची तरी लग्नपत्रिका. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरकडे कामांची विविधता भरपूर असते. शरीर मात्र दिवसभर त्याच खुर्चीत असते. वेळ स्वतःच्या हाती असूनही हालचाल का होत नाही, तिचा कल्पकतेशी काय संबंध आहे आणि दिवसाची आखणी कशी बदलता येईल, याविषयी…

पूर्वी काय वेगळे होते?

संगणक येण्यापूर्वी एखादी जाहिरात तयार करताना डिझायनरला बरेच फिरावे लागे. अक्षरे हाताने काढायची किंवा टाइपसेटरकडून जुळवून आणायची, तिरक्या ड्रॉइंग बोर्डवर तुकडे कापून चिकटवायचे, निगेटिव्हसाठी प्रोसेसवाल्याकडे जायचे आणि शेवटी छापखाना गाठायचा. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिन्टॉश आला, १९८५ मध्ये पेजमेकर. पुढच्या काही वर्षांत ही सारी कामे एका स्क्रीनवर जमा झाली. कामाचे प्रकार कमी झाले नाहीत, उलट वाढले. त्यांच्यासोबत आपोआप घडणारी हालचाल तेवढी संपली.

बसून राहण्याने काय बिघडते?

जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर बसणाऱ्या चालकांच्या मानाने दुमजली बसचे जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करायला हवी. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील २०२४ च्या अभ्यासानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत.

चालताना कल्पना खरेच सुचतात का?

स्टॅनफर्ड विद्यापीठातील मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये हेच तपासले. नेहमीच्या वस्तूचे वेगळे उपयोग सुचवा, अशा प्रकारची कामे त्यांनी लोकांना दिली. बसलेल्यांच्या तुलनेत चालणाऱ्यांची सर्जनशील कामगिरी सरासरी सुमारे ६० टक्क्यांनी जास्त भरली. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालले तरी फायदा दिसला आणि चालून येऊन बसल्यावरही तो काही काळ टिकला. मात्र जिथे एकच अचूक उत्तर शोधायचे होते, तिथे चालण्याचा उपयोग झाला नाही.

डिझायनरसाठी यातला फरक महत्त्वाचा आहे. नाव, संकल्पना, पहिली दिशा शोधायची असेल तर चालावे. अक्षरांमधील अंतर, दरपत्रकाचा तक्ता, अंतिम प्रूफ यांसाठी बसावे.

मग कामांची विविधता पुरेशी नाही का?

नाही. पाच ग्राहकांच्या पाच फाइल उघडून त्यांच्यात उड्या मारणे ही विश्रांती नव्हे. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले, की अर्धवट सोडलेल्या कामात मन अडकून राहते आणि पुढचे काम त्यामुळे बिघडते. कामाचा एक टप्पा संपवून उठले आणि पुढच्या कामासाठी जागा, साधन व बसण्या-उभे राहण्याची पद्धतही बदलली, तर विविधतेचा उपयोग होतो.

दिवस कसा आखता येईल?

समजा, पुण्यातील एका डिझायनरकडे मसाल्याच्या पाकिटाचे काम आले आहे. ग्राहकाची मागणी वाचून वीस मिनिटे चालायचे आणि सुचेल ते फोनवर बोलून नोंदवायचे. परतल्यावर भिंतीवर कागद लावून उभ्याने पेन्सिलची कच्ची रेखाटने करायची. त्यातली दोन-तीन निवडली की मगच संगणक उघडायचा. स्क्रीन दाखवायची नसेल तेव्हा ग्राहकाचा फोन गच्चीत फेऱ्या मारत घ्यायचा.

छापखान्याची फेरी टाळायची नाही. स्क्रीनवरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. त्यामुळे स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा छपाईत मळकट होऊ शकतो. कागदाची जाडीही हातात घेतल्याशिवाय कळत नाही. या फेरीत पाय मोकळे होतात आणि चूक हजारो प्रती छापण्याआधी सापडते.

उरलेल्या वेळात थोड्या थोड्या अंतराने उठावे. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२३ च्या प्रयोगात दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्याने जेवणानंतरची रक्तशर्करेची वाढ लक्षणीयरीत्या कमी झाली. प्रयोग अवघ्या ११ जणांवर झाला होता, हे मात्र लक्षात ठेवायला हवे.

अडचण कुठे येते?

पैशात. नोकरदाराला ठरावीक तासांनंतर विश्रांती देण्याचे बंधन कायद्याने मालकावर असते. इथे मालक आणि कामगार एकच व्यक्ती आहे. पगारी रजा नाही, राज्य कामगार विम्याचे संरक्षण नाही. मनगट दुखावले की काम थांबते आणि त्यासोबत बिलही. तरीही चालण्यात गेलेला वेळ ‘वाया गेला’ असे वाटते, कारण त्याचे पैसे कुणी देत नाही.

यावर उपाय कोटेशनमध्येच करता येतो. छापखान्याची किंवा दुकानाच्या जागेची भेट स्वतंत्र ओळीत, दरासह लिहावी. दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, हेही आधीच ठरवावे. व्हॉट्सॲपवर दिवसभर सुटे सुटे बदल घेण्याऐवजी ते एकत्र, ठरलेल्या वेळी मागवावेत. नाहीतर प्रत्येक ‘फक्त एक छोटासा चेंज’ पुन्हा खुर्चीत बसवतो. बोटांना मुंग्या येणे किंवा अंगठ्याच्या मुळाशी दुखणे टिकून राहिले, तर नुसत्या फेऱ्यांवर विसंबू नये, डॉक्टरांना दाखवावे.

सगळ्यांना मोकळा फुटपाथ मिळत नाही, मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडणेही शक्य नसते. अशा वेळी इमारतीचा जिना किंवा घरातला व्हरांडाही चालतो. फक्त ती वेळ कामाच्या वेळापत्रकात आधीच लिहिलेली असावी. काम संपल्यावर चालू म्हणणाऱ्याचे काम सहसा संपत नाही.