विश्लेषण : डोक्याला मार लागला... सीटी स्कॅन हवा की नको, हे रक्त सांगेल?

दुचाकीवरून पडलेला माणूस उठतो, कपडे झटकतो आणि ‘काही नाही झाले’ म्हणत घरी जातो. बहुतेकदा ते खरेच असते. मात्र कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये हळूहळू रक्त साचत असेल, तर हाच माणूस काही तासांनी बेशुद्ध पडू शकतो. वरून दोघेही सारखेच दिसतात. म्हणून डॉक्टर सीटी स्कॅन सांगतात आणि बहुतेकांच्या स्कॅनमध्ये काहीच सापडत नाही. हा स्कॅन कोणाला नको, हे रक्ताच्या तपासणीतून ठरवता येईल का?

रक्तात काय शोधतात?

मेंदूतील पेशी फुटल्या की त्यांच्यातील प्रथिने रक्तात झिरपतात. त्यांपैकी दोन महत्त्वाची. ‘जीएफएपी’ हा मेंदूतील आधारपेशींचा जणू सांगाडा, तर ‘यूसीएच-एल१’ चेतापेशींत असते. दुसरे लवकर वाढून लवकर उतरते, पहिले अधिक काळ टिकते. म्हणून दोन्ही एकत्र मोजतात. स्कँडिनेव्हियन देशांच्या २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत ‘एस१००बी’ या प्रथिनाचा समावेश झाला होता. पण ते चरबी आणि त्वचेतही असते, त्यामुळे हात-पाय मोडला तरी वाढते.

चाचणी कितपत विश्वासार्ह?

अमेरिका व युरोपातील १,९५९ रुग्णांवरील अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ६७१ जणांची चाचणी ‘निगेटिव्ह’ आली. त्यांपैकी फक्त तिघांच्या स्कॅनमध्ये इजा दिसली आणि त्यांतील कोणालाही शस्त्रक्रियेची गरज नव्हती. म्हणजे साधारण तिघांतील एकाचा स्कॅन टळला असता. उलट बाजूही पाहायला हवी. १,२८८ जण ‘पॉझिटिव्ह’ ठरले, पण इजा निघाली ती १२२ जणांत. थोडक्यात, ‘नाही’ म्हणण्यात ही चाचणी पटाईत, ‘आहे’ म्हणण्यात कच्ची. ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे रक्तस्राव झालाच, असे समजून घाबरू नये. तेव्हा स्कॅन करायचा, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याच वर्षी या चाचणीला परवानगी दिली. तेव्हा निकालाला तीन-चार तास लागत. २०२४ मध्ये परवानगी मिळालेल्या अ‍ॅबट कंपनीच्या हातात मावणाऱ्या यंत्रावर तो सुमारे १५ मिनिटांत येतो. अट अशी की रुग्ण प्रौढ हवा, शुद्धीवर हवा आणि इजा होऊन २४ तासांपेक्षा अधिक वेळ झालेला नको. सीटी स्कॅनसाठी जिथून रुग्णाला तालुक्याहून जिल्ह्याला न्यावे लागते, तिथे अशा यंत्राचे मोल शहरापेक्षा जास्त. पण वारंवार उलट्या, झटके, वाढती गुंगी किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील, तर कोणत्याही चाचणीची वाट न पाहता स्कॅनच करावा लागतो.

पक्षाघातातही उपयोग?

शक्यता आहे. मेंदूत रक्तस्राव झाला तर जीएफएपी झपाट्याने वाढते, गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात सावकाश. हा भेद कळीचा, कारण गुठळी विरघळवणारे औषध रक्तस्राव असताना दिले तर जिवावर बेतते. रुग्णवाहिकेतच हा फरक ओळखता येईल का, यावर संशोधन सुरू आहे.

जनुकांचा संबंध काय?

‘एपीओई’ जनुकाचे तीन प्रकार असतात. ग्लासगोतील १९९७च्या एका अभ्यासात डोक्याला इजा झालेल्या ८९ रुग्णांची सहा महिन्यांनी पाहणी झाली. ‘ई४’ प्रकार असलेल्यांपैकी ५७ टक्के रुग्णांची अवस्था वाईट होती, इतरांत हे प्रमाण २७ टक्के. अभ्यासाचे प्रमुख होते ग्रॅहम टीसडेल, ‘ग्लासगो कोमा स्केल’च्या दोन जनकांपैकी एक. पुढे असेही दिसले की ई२ आणि ई४ असणाऱ्यांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांत उतारवयात अमायलॉइड साचून त्या ठिसूळ होण्याचा व मेंदूच्या बाहेरच्या भागात रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. तरीही अपघात विभागात हे जनुक कोणी तपासत नाही. ई४ निघाले तरी उपचार तेच राहतात.