परसबागेतील अबोली आणि मोगरा

गोव्यातील घरांच्या अंगणात व परसात जी फुलझाडे पिढ्यान्‌पिढ्या जोपासली जातात, त्यांत अबोली आणि मोगरा यांना मानाचे स्थान आहे. दोन्ही बहुवर्षायू झुडुपे आहेत, दोन्हींची फुले देवपूजेस व वेणीस लागतात आणि दोन्हींची फुले बाजारात विकली जातात. या साम्यामुळे त्यांची निगाही एकाच रीतीने राखावयाची असते, अशी समजूत रूढ झालेली दिसते. परिणामी माडाच्या सावलीत लावलेला मोगरा वर्षानुवर्षे नुसती पाने धरतो आणि पागोळीखाली लावलेली अबोली एका पावसाळ्यात कुजून जाते. ज्यांच्या परसात दोन-चार झाडांपुरतीच मोकळी जागा आहे व ज्यांची विहीर एप्रिलअखेर तळ गाठते, त्यांनी रोप आणण्यापूर्वीच या दोहोंतील भेद समजून घेणे अगत्याचे आहे.

अबोली (क्रॉसँड्रा इन्फंडिब्युलिफॉर्मिस) ही अडुळशाच्या कुलातील असून दक्षिण भारत व श्रीलंका हे तिचे मूलस्थान होय. झुडूप सामान्यतः ५० ते ९० सेंटिमीटर उंच वाढते. चौकोनी कणसासारख्या तुऱ्यावर खालून वर क्रमाक्रमाने फुले उमलत जातात. सगळा तुरा एकदम फुलत नाही. म्हणून तोडणी दिवसाआड करावी लागते आणि एकच तुरा दोन ते तीन आठवडे फुले देत राहतो. फुलास गंध नाही, परंतु ते तोडल्यावरही दोन दिवस टवटवीत राहते. केळीच्या सोपटात गुंफलेल्या अबोलीच्या फातीला गोव्यात जी मागणी असते, ती या टिकाऊपणामुळेच. रंग तर असा की मराठीत एका छटेला अबोली हेच नाव मिळाले.

मोगरा (जॅस्मिनम सँबक) हा जाई-जुईचा भाऊबंद. लिनीअस या शास्त्रज्ञाने १७५३ साली त्यास पारिजातकाच्या प्रजातीत घातले होते. पुढे त्याची रवानगी जाईच्या प्रजातीत झाली. रात्री उमलणारी शुभ्र सुगंधी फुले ही दोहोंतील समान खूण पाहता, तो घोळ अगदीच निराधार नव्हता. मोगऱ्याची कळी संध्याकाळनंतर उमलते व दुसऱ्या दिवशी फूल तांबूस पडू लागते. यास्तव तोडणी कळी अवस्थेतच, सकाळी लवकर करावयाची असते. बटमोगऱ्याची कळी गोल व भरगच्च असते, मदनबाणाची लांबट व टोकदार. दुहेरी पाकळ्यांच्या जातींना बी धरत नाही.

निवडीचा खरा कस ऊन आणि पाणी या दोन बाबींवर लागतो. मोगऱ्यास दिवसभराचे ऊन लागते. सावलीत तो लांबट, वेलीसारख्या फांद्या सोडतो, पण कळ्या धरत नाही. त्याचा मुख्य बहर मार्च ते जून, म्हणजे नेमका पाणीटंचाईच्या काळात येतो. या महिन्यांत कळी धरलेल्या झाडास पाच-सात दिवसांनी भरपूर पाणी मिळाले नाही, तर कळ्या बारीक राहतात व गळतात. अबोली मात्र माडांच्या विरळ सावलीतही फुलते. तिला कमी पाणी पुरते असे समजू नये. तिची मुळे उथळ असल्याने थोडे थोडे पाणी वरचेवर द्यावे लागते. वाफ्यावर वाळलेल्या पानांचे आच्छादन घातल्यास उन्हाळा पुष्कळ सुसह्य होतो.

शाळेच्या आवारात फुलझाडे लावू इच्छिणाऱ्या शिक्षकांनी हाच हिशेब लक्षात घ्यावा. मे महिन्याच्या सुट्टीत मोगरा ऐन बहरात असतो आणि त्यास पाणी घालणारे कोणी नसते.

मोगऱ्याच्या बाबतीत सर्वांत अधिक हेळसांड होते ती छाटणीची. झाड हिरवेगार दिसत असता त्यावर कात्री चालविण्यास घरातील मंडळींचे मन धजत नाही. परंतु मोगऱ्यास कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. जुन्या लाकडावर नव्हे. न छाटलेले झुडूप दरवर्षी अधिक दाट होते व फुले मात्र कमी देते. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी तोडावे, दोन-तीन आठवडे झाडास ताण द्यावा आणि मग डिसेंबरमध्ये सर्व फांद्या जमिनीपासून सुमारे ४५ सेंटिमीटरवर छाटाव्यात. रोगट व वाळलेल्या काड्या बुडापासून काढाव्यात, उरलेली पानेही खुडून टाकावीत. बुंध्याभोवतीची माती हलकेच चाळून दर झाडास सुमारे १० किलो कुजलेले शेणखत द्यावे व पाणी पुन्हा सुरू करावे. छाटल्यानंतरचे ते उघडेबोडके झाड पाहून घरातील वडीलधाऱ्यांकडून दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात, पण मार्चमध्ये उत्तर मिळते.

अबोलीस अशी कठोर छाटणी नको. फुले संपलेले तुरे वेळच्या वेळी खुडणे, एवढेच तिला पुरते. ते राहू दिल्यास झाडाची शक्ती बी धरण्यात खर्च होते. तिचे दुखणे जमिनीखाली असते. सूत्रकृमी मुळांत शिरून त्यांना निकामी करतात, पाने पिवळट-जांभळट होतात, वाढ खुंटते आणि मागोमाग मर रोग येतो. ज्या वाफ्यात आधी वांगी, टोमॅटो किंवा भेंडी होती, तेथे अबोली लावणे टाळावे. लागवडीच्या वेळी मातीत निंबोळी पेंड मिसळावी आणि मेलेले झाड मुळांसकट उपटून जाळावे. त्याच खड्ड्यात लगेच दुसरे रोप लावू नये. गोव्यात पावसाचे मान वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर असल्याने पाण्याचा निचरा हा अबोलीच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरतो. जांभ्याच्या जमिनीतही सखल जागी पाणी साचतेच. म्हणून उंच वरंब्यावर, दोन रोपांत ३० व दोन ओळींत ६० सेंटिमीटर अंतर ठेवून लागवड करणे इष्ट.

उत्पन्नाच्या दृष्टीने अबोली लवकर पावते. रोप लावल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिले तुरे दिसू लागतात आणि ऐन पावसाळा सोडल्यास जवळजवळ वर्षभर थोडी थोडी फुले मिळत राहतात. दिवसाआड एखादी फाती विणून चार पैसे मिळविणाऱ्या गृहिणीस हेच सोयीचे. मात्र तीन वर्षांनंतर झाडे थकतात व नवी लावावी लागतात. मोगरा पूर्ण बहरास यावयास तिसरे वर्ष उजाडते, परंतु नीट राखल्यास तो दहा-पंधरा वर्षे साथ देतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने अबोली लावावी आणि स्वतःच्या अंगणात उन्हाची एखादी जागा व मे महिन्यापर्यंत पाणी असल्यास तेथे मोगरा अवश्य लावावा, असे म्हणता येईल.

रोपे घरच्या घरी करता येतात. मोगऱ्याची खालची फांदी जूनमध्ये वाकवून, थोडी साल खरवडून मातीत दाबून ठेवावी. सुमारे तीन महिन्यांत तिला मुळे फुटतात. मग ती कापून ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्ड्यात, दीड मीटर अंतरावर लावावी. अबोलीची रोपे ताज्या बियांपासून करावीत व पावसाचा जोर ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात वरंब्यावर हलवावीत. 'दिल्ली अबोली' या गर्द नारिंगी जातीस बी येत नाही, तिच्या काड्याच लावाव्या लागतात. इतर जातींचे बी गोळा करताना एक सावधगिरी हवी. वाळलेल्या बोंडास ओल लागताच ते तडकून बिया दूरवर उडतात, म्हणून तुरे तपकिरी होताच पाऊस किंवा पाणी लागण्यापूर्वी तोडून कागदी पिशवीत घालावेत व पिशवीचे तोंड बांधून ठेवावे.