सुई लागणार की पथ्यावर भागणार?

द्वारका चौकाजवळच्या आमच्या शेजारणीची सून परवा माझ्याकडे येऊन रडली. "काकू, डोहाळजेवणातला पेढासुद्धा खाल्ला नाही, तरी इन्शुलिन लागलंच!" सासूबाईंचा संशय, हिनं चोरून गोड खाल्लं असणार.

मैत्रिणींनो, तसं नसतं हो. गरोदरपणात वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा जोर कमी पडतो. सरकारी पद्धतीप्रमाणे पहिल्याच तपासणीला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात. उपाशीच असावं अशी अट नाही. दोन तासांनी साखर १४० किंवा वर भरली, की गरोदरपणातला मधुमेह. नाही भरली, तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासायची.

मग दोन आठवडे पथ्य नि चालणं. बऱ्याच जणींचं एवढ्यावर भागतं. जेवणानंतर दोन तासांची साखर तरीही १२० च्या खाली येत नसेल, तर गोळी किंवा इन्शुलिन.

कुणाला लागेल, याचा अंदाज डॉक्टर आधीच बांधतात. निदान लवकरच्या महिन्यांत झालं, मागच्या खेपेलाही मधुमेह होता, वजन जास्त आहे, माहेरी मधुमेह आहे, आणि मुख्य म्हणजे उपाशीपोटीची साखर चढी आहे. ही साखर रात्रभर यकृत सोडत असतं. पेढा टाळून ती कितीशी उतरणार? या सुनेची पहिल्यापासून चढीच होती. सासूबाईंना मी रिपोर्टच वाचून दाखवला.

बाळंतपणानंतर बहुधा सुई थांबते. मात्र सहा आठवड्यांनी बाळाला लशीला न्याल, तेव्हा स्वतःचीही साखर तपासून घ्या. हिची तारीख मी कॅलेंडरवर मांडून ठेवणार आहे.